वाचकांचे प्रश्न : प्रोजेक्ट झाला, पण 'काय शिकलो' ते लिहायचं कसं?

सबमिशन जवळ आल्याने या वेळची बरीच पत्रं एकाच विषयावरची आहेत. प्रॉडक्ट डिझाइनच्या गट-प्रोजेक्टनंतर जे आत्मपरीक्षणाचं टिपण द्यावं लागतं, त्यात लिहायचं काय, असं अनेकांनी विचारलं आहे. त्यांतले चार प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : आम्ही पाच जणांनी आजी-आजोबांसाठी गोळ्यांची डबी केली. सात कप्प्यांची चकती रोज एक कप्पा फिरते, बझर वाजतो आणि त्या दिवसाची गोळी खिडकीखाली येते. 'मी काय शिकलो' यावर दोन पानं लिहायची होती. मी टीमवर्क, वेळेचं नियोजन, संवादकौशल्य असं लिहिलं, तर गाईडनी वही परत दिली. (तृतीय वर्ष, मेकॅनिकल, सांगली)

तुमच्या गाईडचं बरोबर आहे. ते तीन शब्द कुठल्याही प्रोजेक्टखाली चालतात, त्यामुळे तुमच्याबद्दल काहीच सांगत नाहीत. पहिल्या नमुन्यापासून शेवटच्या नमुन्यापर्यंत काय बदललं, कशामुळे बदललं आणि ते कोणी ओळखलं, एवढं धरून लिहा. कौशल्य त्यातूनच दिसतं.

तुमच्याच डबीचं उदाहरण घेऊ. अशा कामाला बहुतेक गट २८बीवायजे-४८ ही स्वस्त स्टेपर मोटर (ठरावीक छोट्या टप्प्यांनी, म्हणजे स्टेपने, फिरणारी मोटर) घेतात. एका फेऱ्याला २०४८ स्टेप असं सगळीकडे छापलेलं असतं. प्रत्यक्षात तिच्या गिअरचं गुणोत्तर (आतली मोटर किती फेरे फिरली की बाहेरचा दांडा एकदा फिरतो ते) नेमकं ६४ नसून सुमारे ६३.६८ आहे, म्हणून पूर्ण फेरा साधारण २०३८ स्टेपमध्येच होतो. त्यात कोडमध्ये २०४८ ला ७ ने पूर्णांकात भागलं की अपूर्णांक गळून २९२ उरतात. सात दिवसांचे होतात २०४४. म्हणजे दर आठवड्याला चकती ६ स्टेप, सुमारे १ अंश, जास्त पुढे सरकते. कप्पा ५१ अंशांचा असल्याने पहिले काही आठवडे कोणाच्या लक्षातही येणार नाही. सव्वीस आठवड्यांनी मात्र चकती २७ अंश सरकलेली असेल आणि खिडकीत निम्मा सोमवार, निम्मा मंगळवार दिसेल. औषधाच्या डबीत हा दोष अजिबात खपवून घेण्यासारखा नाही.

वर्गातल्या डेमोत चकती एक-दोन फेरे फिरते, तेव्हा हे कळत नाही. चकतीवर आणि तळावर पेन्सिलीची खूण करून कप्प्यांच्या मधली वाट पाहण्याची वेळ काढून टाका आणि सलग २५ फेरे चालवा. तीन-चार मिनिटांत खुणा वेगळ्या झालेल्या दिसतात. उपाय म्हणजे चकतीला छोटं चुंबक, तळाला हॉल सेन्सर (चुंबक जवळ आलं की ओळखणारा सुटा भाग), आणि दर फेऱ्याला शून्य जागा नव्याने शोधणं. नुसता कोडमधला आकडा बदलून भागत नाही, कारण वीज गेली किंवा कोणी हाताने चकती फिरवली तर कोडला ते कळतच नाही.

हे तुमच्या गटात घडलं असेल तर टिपणात असं येईल : 'एका फेऱ्याच्या चाचणीत डबी बरोबर चालली. २५ फेऱ्यांनंतर चकती इतके अंश सरकली. कारण गिअरचं गुणोत्तर आणि पूर्णांकातला भागाकार. यापुढे फिरणाऱ्या भागाची चाचणी मी किमान सहा महिन्यांच्या वापराइतक्या फेऱ्यांची घेईन.' याला टीमवर्क म्हणा की चाचणीचं नियोजन म्हणा, वाचणाऱ्याला ते पटतं. अर्थात तुमचा दोष वेगळा असेल तर तोच लिहा. हे उदाहरण उचलून वहीत उतरवू नका.

बऱ्याच कॉलेजांत यासाठी ग्रॅहम गिब्ज या शिक्षणतज्ज्ञांचं १९८८ मधलं सहा पायऱ्यांचं चक्र देतात : वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, पुढची कृती. मुलं दीड पान वर्णनातच घालवतात. वर्णन पाच ओळींत उरका, विश्लेषणाला आणि पुढच्या कृतीला एक पान द्या.

प्रश्न : सांधेदुखी असलेल्या बायकांसाठी आम्ही बरणीचं झाकण उघडायचं साधन केलं. सहा जणींना दाखवलं, सगळ्यांनी 'छान आहे' म्हटलं. १०० टक्के समाधानी असं लिहिलं तर चालेल का? (डिप्लोमा विद्यार्थिनी, नाशिक)

नको. आपल्याकडे घरी आलेल्या पोरीला कोणी 'चांगलं नाही' म्हणत नाही, चहा देऊन 'छान केलंस गं' म्हणतात. म्हणून मत विचारू नका, काम सांगा. लोणच्याची बरणी आणि साधन समोर ठेवून 'ही उघडा' एवढंच म्हणा आणि गप्प बसा. साधन उलटं धरलं का, दुसऱ्या हाताने बरणी कशी पकडली, किती सेकंद लागले, कुठे थांबून तुमच्याकडे पाहिलं, ते टिपा. गप्प बसणं हेच यातलं सगळ्यात अवघड काम आहे. आपलं साधन कोणी चुकीचं धरलं की तोंडून 'असं नाही, असं' निघतंच, आणि तिथे चाचणी संपते.

प्रत्येक वेळी झाकण सारखंच घट्ट हवं. झाकणाला १५ सेंमीचा दांडा बांधा, टोकाला स्प्रिंगचा वजनकाटा अडकवा आणि दांड्याला काटकोनात २ किलोपर्यंत ओढून आवळा. हा सुमारे ३ न्यूटन-मीटर पीळ होतो. किमान तीन व्यासांची झाकणं घ्या आणि एकदा तेलकट हाताने करून घ्या, कारण स्वयंपाकघरात हात कोरडे नसतात.

सहा जणींवरून टक्केवारी काढू नये. पाच-सहा माणसं ढोबळ अडचणी शोधायला पुरतात, प्रमाण सांगायला नाही. 'सहापैकी चौघींनी साधन उलटं धरलं, म्हणून मुठीवर अंगठ्याची खाच दिली' हे वाक्य १०० टक्क्यांपेक्षा मोलाचं आहे.

प्रश्न : फिशटँकला खाद्य घालणाऱ्या यंत्रात कॅड (संगणकावरचा आराखडा) करणाऱ्या मित्राने मोटरची जागा चुकवली. थ्रीडी प्रिंटरवर छापलेली यंत्राची दोन खोकी वाया गेली आणि गटात भांडण झालं. हे टिपणात लिहू का? (अभियांत्रिकी विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

लिहा, पण मित्राचा स्वभाव लिहू नका. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मोटर तीच २८बीवायजे-४८ दिसते. तिचा शाफ्ट (बाहेर आलेला फिरणारा दांडा) मोटरच्या मधोमध नसतो, ८ मिमी बाजूला असतो. ते माहीत नसलेला कोणीही २८ मिमीच्या गोलाचं केंद्र धरून भोक काढतो. शाफ्टही पूर्ण गोल नाही : व्यास ५ मिमी, दोन बाजू सपाट, सपाट बाजूंमधलं अंतर ३ मिमी. थ्रीडी प्रिंटमध्ये भोकं थोडी लहान येतात, म्हणून नेमक्या मापाचं भोक काढलं तर शाफ्ट जात नाही. ०.१ ते ०.३ मिमी जास्त ठेवून तीन-चार भोकांचा छोटा तुकडा आधी छापून पाहायचा असतो. तो तुकडा काही मिनिटांत छापून होतो, अख्खं खोकं कित्येक तास घेतं.

मग खरी उणीव कोणती? मोटर एकाच्या हातात, कॅड दुसऱ्याच्या, आणि दोघांमध्ये मापांचा एकही कागद नाही. जिथे दोघांची कामं जोडली जातात, त्या प्रत्येक जागेसाठी अर्ध्या पानाचं कोष्टक पुरतं : कोणता भाग, व्हर्नियरने (बारीक मापं घेण्याच्या साधनाने) घेतलेलं माप, कोणी मोजलं, तारीख, कोणत्या फाइलमध्ये वापरलं. माप बदललं की जुन्यावर रेघ मारायची, पुसायचं नाही. ते कोष्टक तुमच्याकडे नव्हतं, त्याची किंमत दोन खोकी. असं लिहिलंत तर मित्रही त्याखाली सही करील.

प्रश्न : माझ्या वाट्याला फक्त खरेदी आणि रिपोर्ट आला. मुलाखतीत काय सांगू? (विद्यार्थिनी, पुणे)

'फक्त' म्हणू नका. तपकीर गल्लीत जाऊन सुटे भाग गोळा करणाऱ्याला प्रोजेक्टचं वेळापत्रक इतरांपेक्षा जास्त कळतं. कोणता भाग उशिरा आला, त्यामुळे कोणाचं काम अडलं, त्याऐवजी कोणता पर्याय घेतला, अंदाजातला खर्च आणि झालेला खर्च यांत फरक का पडला, या चार गोष्टी आकड्यांसह तयार ठेवा.

पर्याय निवडण्याचं एक उदाहरण देतो. घड्याळाच्या दोन चिप मिळतात. डीएस१३०७ बाहेरच्या क्रिस्टलवर (ठरावीक गतीने कंपणाऱ्या छोट्या स्फटिकावर) चालते, तापमान बदललं की महिन्याला मिनिटभर किंवा जास्तही चुकू शकते. डीएस३२३१ मध्ये तापमानाची भरपाई आतच असते, त्यामुळे ० ते ४० अंशांत तिची चूक वर्षाला साधारण एक मिनिट. खोलीतला दिवा लावायला पहिली पुरते, औषधाच्या वेळेला दुसरी घ्यावी. असा एखादा निर्णय तुम्ही घेतला असेल, तर तो दीड मिनिटात कारणासकट सांगता आला पाहिजे.

रिपोर्टमध्ये 'करण्यात आले' सगळीकडे असतं, मुलाखतीत ते चालत नाही. समोरचा हमखास विचारतो, 'यातलं तुम्ही काय केलंत?' तेव्हा 'मी' म्हणा, आणि बिलांची फाइल व सुट्या भागांची यादी सोबत न्या.