नवीन ज्युनिअरसाठी: दावा कुठे लावायचा ते आधी बघ

अरे, पहिल्याच महिन्यात अख्खी सीपीसी (दिवाणी प्रक्रिया संहिता) पाठ करायला बसू नकोस. १९०८ चा कायदा आहे, पळून जात नाही. आधी कार्यक्षेत्र, म्हणजे कुठल्या कोर्टाला दावा चालवता येतो ते पक्कं कर, नवीन पोरं तिथेच आपटतात.

१) जमिनीचा दावा जमीन जिथे तिथेच, कलम १६. मी सुरुवातीला निफाडच्या द्राक्षबागेच्या वाटपाचा दावा नाशिकला लावला होता, का तर प्रतिवादी भाऊ गंगापूर रोडला राहतो म्हणून, मग वादपत्र (दाव्याचा लेखी अर्ज) हातात परत आलं आणि पक्षकाराची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

२) उसनवारीचे पैसे वगैरे असेल तर कलम २०, प्रतिवादी राहतो किंवा धंदा करतो तिथे, नाहीतर दाव्याला कारण घडलं तिथे. वादी कुठे राहतो ते कोण विचारत नाही.

३) दाव्याचं मूल्यांकन बघ, कनिष्ठ स्तर दिवाणी कोर्ट की वरिष्ठ स्तर ते त्यावर ठरतं. कलम १५ म्हणतं की चालत असेल तर खालच्याच कोर्टात जा.

आणि हो, वादपत्र योग्य कोर्टात लावायला परत करणं म्हणजे ऑर्डर ७ रूल १०, नामंजूर करणं म्हणजे रूल ११. पक्षकाराला सांगताना यात गफलत केलीस तर तो केस हरली समजून रडत बसेल. रेस ज्युडिकाटा (एकदा निकाल लागलेला वाद पुन्हा चालत नाही तो नियम), अपील ते नंतर बघू, सध्या रोज बोर्डावर, म्हणजे कोर्टात त्या दिवशीची प्रकरणं चालतात तिथे जाऊन बस.