इंटर्नशिपचा पहिला उन्हाळा

पहिल्या आठवड्यात ऑफिसपेक्षा लोकलच जास्त दमवते, तेव्हा घाबरू नकोस गं. डोंबिवलीहून फास्टमागे धावण्यापेक्षा तिथूनच सुटणारी स्लो पकड. वेळ जास्त जाईल, पण बसायला मिळेल. मासिक पास काढ आणि सॅकमध्ये एक जादा कुर्ता ठेव. मे महिन्यात दादरचा पूल चढेपर्यंत पाठ भिजते, आणि तशीच एसीत बसलीस की सर्दी ठरलेली.

कामासाठी एक वही कर. रोज संध्याकाळी दोन ओळी लिही: आज काय केलं, कुठे अडलं. मी पहिल्या ठिकाणी एका एक्सेलच्या फाइलवर तीन दिवस अडून बसले होते, विचारायची लाज वाटली म्हणून. शेजारच्या ताईंनी ते दहा मिनिटांत दाखवलं. अर्धा तास स्वतः झगड, मग सरळ विचार.

शनिवार झोपून घालवू नकोस. काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे, आत जायला तिकीट नाही. एकेका चित्रासमोर निवांत उभी राहा. कान्हेरीच्या लेण्यांना सोमवार सोडून जा, तेही सकाळीच. ऊन चढलं की कातळ तापतो. शिवाजी मंदिरला नाटक बघायचं असेल तर कळव, दोन तिकिटं काढते.