मोठीचं म्हणे टेन्शन नाही

पत्र थोडक्यात असं आहे. बाई 33 वर्षांच्या, कराडजवळच्या एका गावात राहतात. बारावी आर्ट्स झाली आणि लगेच लग्न. मागची काही वर्षं एका खाजगी दवाखान्यात रिसेप्शनला आहेत, तिथल्या डॉक्टर मॅडमनी मागे लागून जीएनएमचा, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचा, फॉर्म भरायला लावला आणि नंबर लागला. मिस्टर साखर कारखान्यात, त्यांनी "परवानगी दिलीये, फक्त घरची आबाळ व्हायला नको म्हणाले". सासूबाईंचे गुडघे गेलेत. धाकटा मुलगा साडेचार वर्षांचा, आईशिवाय झोपत नाही, जेवत नाही, परवा आई लग्नाला गेली तर तापच भरला. मग एक ओळ: "मोठीचं टेन्शन नाही, आठवीत आहे, भाकरी-भाजी सगळं येतं तिला, क्लासही बंद केलाय तसा, संध्याकाळी घरीच असते." आणि मग पुन्हा धाकटा. शेवटी प्रश्न, एक वर्ष थांबू का, तो पहिलीत गेला की जाते, की आत्ताच जाऊ? मी वाईट आई आहे का?

अगं, "क्लासही बंद केलाय तसा" म्हणजे काय?

मी तुझं पत्र वाचत वाचत तिथे आले आणि अडकले, पुढचं सगळं धाकट्याच्या तापाचं दोनदा वाचूनही डोक्यात शिरेना. कुणी बंद केला क्लास? कधी? तुझा नंबर लागायच्या आधी का नंतर? आणि "तसा" कशाला लावलास त्याच्यापुढे, तो शब्द तिथे काय करतोय ते तुला पण माहीत आहे. 13 वर्षांच्या मुलीला कुणी काही सांगितलेलं नसणार बहुतेक, तिने घरातली बोलणी ऐकली असणार, आईचा नंबर लागलाय, आजीला उठता येत नाही, बाबा म्हणतात आबाळ नको, आणि तिने आपली आपणच गणितं मांडली आणि म्हणाली असेल, मला नाही आवडत तो क्लास. आणि तू सुटकेचा श्वास टाकलास. चुकत असेन तर तोंडावर सांग मला.

तुझ्याच पत्रात अजून एक गोष्ट आहे जी तू अभिमानाने लिहिलीस. "मला कामाची सवय आहे, नववीत असल्यापासून घर सांभाळलंय, आई शेतावर मजुरीला जायची." आणि त्याच्या खाली चार ओळींवर, "इंग्लिश कच्चं राहिलं, त्याचीच भीती वाटते." या दोन ओळी एकमेकींना भेटल्याच नाहीत का गं तुझ्या डोक्यात? इंग्लिश कच्चं का राहिलं? नववीत चुलीपुढे होतीस म्हणून राहिलं. आता तुझी पोरगी आठवीत आहे, म्हणजे तू तिला एक वर्ष आधीच बसवतेयस. तुझ्या आईला निदान मजुरीचा नाइलाज होता.

आता जरा हिशोब करू, कारण कॉलेजात कुणी हा हिशोब करून देणार नाही. जीएनएम तीन वर्षांचं. मोठी आता आठवीत. म्हणजे तुझं थर्ड इयर आणि तिची दहावी हातात हात घालून येणार. आणि थर्ड इयर म्हणजे मिडवाइफरी, बाळंतपणं करायला शिकायचं, लेबर रूमची पोस्टिंग, डिलिव्हरीच्या केसेस पूर्ण करून वहीत सह्या घ्यायच्या, आणि बाळंतीण काही तुझी शेवटची एसटी बघून कळा देत नाही. वर नाइट ड्युट्या. सेकंड इयरला मेंटल हेल्थची पोस्टिंग असते, महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच, येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, कराडात एकही नाही, कॉलेजने तिकडे पाठवलं तर काही आठवडे तू घरीच नसशील. हजेरी थिअरीला 80 टक्के लागते, पण क्लिनिकलची डिप्लोमा हातात पडायच्या आधी 100 टक्के भरून द्यावी लागते, म्हणजे पोराला ताप आला म्हणून बुडवलेला वॉर्डचा दिवस माफ होत नाही, नंतर भरावा लागतो. हे सगळं मी तुला घाबरवायला सांगत नाहीये. हे सांगतेय कारण ही तीन वर्षं तुझ्या घरात कुणीतरी दुसऱ्याने चूल सांभाळायची आहेच, त्यात काही चर्चा नाही, आणि तू ते माणूस कधीच ठरवून टाकलंयस, तिला न विचारता.

सेकंड इयरला चाइल्ड हेल्थ नर्सिंग नावाचा विषय असतो बरं का. त्यात 13 वर्षांची पोरगीपण येते, नुसती साडेचार वर्षांची पोरं नसतात.

आता मिस्टर. तू लिहितेस फार सपोर्टिव्ह आहेत. असतील. पण "परवानगी दिलीये, आबाळ नको" हा सपोर्ट नाही गं, हे नुसतं तोंडी सर्टिफिकेट आहे, त्याला त्यांचा काही खर्च आला नाही. अख्ख्या पत्रात हा माणूस घरात एक काम करताना दिसत नाही. शिफ्ट असते, मान्य, सीझनमध्ये रात्रीच्या पाळ्या असतात, तेही मान्य, पण गाळप काय बारा महिने चालत नाही आणि सीझनमध्येसुद्धा माणूस आठ तासांनी घरी येतोच ना. त्या वेळात कुकर लावता येतो. धाकट्याला भरवता येतं. सासूबाईंचे गुडघे गेलेत, हात गेलेले नाहीत, बसून भाजी निवडतील, लसूण सोलतील, नातवाला गोष्टी सांगतील, त्यांनाही विचारून बघ, आपल्याला कुणी कामच सांगत नाही याचं कधीकधी म्हाताऱ्या माणसांना वाईट वाटत असतं.

आणि धाकटा. तुझ्या पत्रातला सगळा जीव त्याच्यावर आहे म्हणून दोन ओळी लिहिते. तो रडेल. आठवडाभर रडेल, कदाचित पंधरा दिवस, मग बापाच्या पोटावर पाय टाकून झोपेल. साडेचार वर्षांच्या पोराला बाप असताना आईशिवाय झोप न येणं हा आजार नाही, त्याला कुणी दुसरी सवयच लावली नाही एवढंच. आज रात्रीपासून त्याला बाबांजवळ झोपव आणि तू दुसऱ्या खोलीत जा, रडला तरी उठू नकोस. त्याचं रडणं सगळ्या गल्लीला ऐकू येतं म्हणून सगळं घर त्याच्याभोवती फिरतंय. मोठी रडत नाही, काम करते, म्हणून तिचं टेन्शन नाही.

वर्षभर थांबू का म्हणतेस. नाही थांबायचं. जीएनएमला वयाची वरची मर्यादा 35 आहे, तू 33 ची, पुढच्या वर्षी नंबर लागला नाही तर मग काय करणार आहेस? आर्ट्सवाल्या बाईला मिळालेली सीट आहे, सोडू नकोस. आणि थांबून होणार काय, धाकटा पहिलीत जाईल आणि मोठी नववीत, तिच्या हातातलं उलथणं तेच राहील. तू गेलीस तरी आणि नाही गेलीस तरी, त्या पोरीचा क्लास बंदच आहे हे बघ ना आधी.

वाईट आई आहेस का, याचं उत्तर मी देणार नाही, तो प्रश्न तू धाकट्यासाठी विचारलायस आणि त्याला तुझी काही तक्रार नाही.

तर काम एकच सांगते आणि ते कॉलेज जॉइन करायच्या आधी करायचं. उद्या मोठीला घेऊन तिच्या क्लासला जा. फोन करू नकोस, तिच्या हातात पैसे देऊन पाठवू नकोस, तू स्वतः जा, थकलेली फी भर, आणि क्लासची वेळ संध्याकाळची असेल तर घरी येऊन मिस्टरांना त्या वेळेला स्वयंपाकघरात उभं कर. विचारू नकोस, "जमेल का हो" नको. सांग, सहा ते आठ ही क्लासला आहे, मी एसटीत आहे, कुकर तुम्ही लावायचा. ते म्हणतील मोठी आहे ना. तेव्हा गप्प बसायचं नाही. "कुकर तुम्ही लावायचा" एवढंच एक वाक्य तुला तीन वर्षं टिकवायचंय, बाकी अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी पाठ होतं गं, इंग्लिशसुद्धा होतं, रात्री मोठीच्या शेजारी पुस्तक घेऊन बसलीस तर दोघींचं होईल, आठवीचं व्याकरण तिला तुझ्यापेक्षा चांगलं येत असेल.

भाकरी करायला आवडत असेल तिला तर करू दे रविवारी.

क्लास चालू झाला की मला कळव. जीएनएमचं नंतर सांगितलंस तरी चालेल.