लातूरचा मुलगा, एनआयटी तिरुची आणि तमिळचा गंध नाही: जमेल का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: जोसाच्या (आयआयटी-एनआयटीच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या) राउंडमध्ये एनआयटी तिरुचिरापल्ली लागलंय, दहावीपर्यंत मराठी माध्यम, लातूर सोडून कधी राहिलेला नाहीस, तमिळचा एक शब्द येत नाही. घरचे म्हणतात, त्यापेक्षा नागपूरचं व्हीएनआयटी बघ, तिथे निदान आपली माणसं असतील. तिकडे एकटा पडशील का, ही खरी धास्ती आहे.

मी परभणीची. एनआयटी तिरुचीतूनच प्रॉडक्शन इंजिनिअरिंग केलं. ब्रांच मनासारखी मिळाली असेल तर निव्वळ भाषेच्या भीतीपोटी सीट सोडू नकोस. पण "सगळं आपोआप जमतं" असंही सांगणार नाही, कारण आपोआप काही जमत नाही.

आधी वर्गात कोण असणार ते बघ. एनआयटीत निम्म्या जागा त्याच राज्यातल्या मुलांसाठी राखीव असतात. आयआयटीत तसं नसतं, त्यामुळे आयआयटीतल्या दादा-ताईंचे सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तुझ्या वर्गात जवळपास निम्मी मुलं तमिळनाडूची, मग आंध्र-तेलंगणाची भरपूर आणि उरलेली सगळीकडची. तमिळनाडूत 1968 पासून दोनच भाषांचं धोरण आहे, तमिळ आणि इंग्रजी. सरकारी शाळेत शिकलेल्या मुलाला हिंदी येत नाही ती शिकवलीच नाही म्हणून, माज म्हणून नव्हे. तेव्हा कुणाशी बोलायला सुरुवात करताना हिंदीत करू नकोस. मोडकंतोडकं का होईना, इंग्रजीत कर. पहिल्या आठवड्यातच ही एक गोष्ट पाळलीस तर पुढचं निम्मं काम हलकं होतं.

आता तू न विचारलेली गोष्ट. तुला अडचण तमिळची वाटतेय, पण पहिलं वर्ष जड जातं ते इंग्रजीमुळे. आणि तिथे तू एकटा नसतोस. पुदुक्कोट्टै, तिरुवारूर अशा गावांतून तमिळ माध्यमात शिकून आलेली मुलंही त्याच वर्गात असतात. ऑब्जेक्टिव्ह परीक्षा झकास दिलेली, पण सरांसमोर उभं राहून दोन वाक्यं बोलायची म्हटलं की घाम फुटतो. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण अशीच. दोघींचं इंग्रजी यथातथाच, त्यामुळे चुकायची लाज एकमेकींपुढे कधी वाटली नाही. उलट मुंबई-पुण्याहून आलेल्या, फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या मराठी मुलींच्या घोळक्यात मी जास्त गप्प असायचे. आपलं माणूस कोण, हे राज्यावरून ठरवू नकोस एवढंच म्हणणं आहे.

वर्कशॉप आणि लॅबमध्ये मात्र भाषा खरोखर आडवी येते. समज, चौघांची बॅच आहे, त्यातले तिघे तमिळ. प्रयोग सुरू होतो इंग्रजीत. रीडिंग चुकलं की तिघांचं तमिळमध्ये जोरात सुरू होतं, आणि तू हातात व्हर्निअर घेऊन एकदा याच्या तोंडाकडे बघतोस, एकदा त्याच्या. मुद्दाम कोणी करत नाही. घाईत माणूस आपल्या भाषेत जातो. तू आणि मी असतो तर आपणही मराठीतच भांडलो असतो. अशा वेळी मनात कुढत बसायचं नाही. "इंग्लिश, डा (म्हणजे आपलं 'अरे'), व्हायवा, तोंडी परीक्षा, मलाही आहे" असं हसत म्हणायचं. ते लगेच इंग्रजीत येतात, पाच मिनिटांनी पुन्हा तमिळमध्ये घसरतात. पुन्हा म्हणायचं. सेमिस्टरच्या शेवटी त्यांनाही सवय होते आणि तुलाही निम्मं तमिळ कळायला लागतं.

तमिळ शिकायचंच. वाचायला आधी शीक. बारा स्वर, अठरा व्यंजनं, आणि क-ग ला एकच अक्षर, त-द ला एकच, त्यामुळे पाठांतर कमी आणि अंदाज जास्त. बसची पाटी वाचता आली की गावात कुणावर अवलंबून राहावं लागत नाही. बोलण्यात "एवळो" (किती), "पोदुम" (पुरे), "कोंजम" (थोडं) यांवर बरेच दिवस निघतात. त्यातही आपल्याला ळ म्हणता येतो, ही उत्तरेकडच्या मुलांपेक्षा जमेची बाजू!

जेवणाचं फार मनावर घेऊ नकोस. भात जास्त, पोळी कमी, ज्वारीची भाकरी विसरायची. आधी सांबार-भात, मग रस्सम-भात, शेवटी ताक किंवा दही-भात, हा क्रम समजला की पोट भरतं. शेंगदाण्याची चटणी आणि काळा मसाला घरून ने. चटणी खोलीतल्या सगळ्यांना आवडते, त्यामुळे जरा जास्तच ने.

मराठी मुलांचा ग्रुप असतोच, गणपतीला सगळे जमतात, तिथे जरूर जा. पण मेसला, वर्गात, बाजारात रोज तेच चौघे बरोबर असतील तर चार वर्षं तू तिरुचीत राहून लातूरमध्येच काढशील. त्यापेक्षा एखाद्या क्लबात घुस. फेस्टेंबर आणि प्रग्यान हे दोन मोठे फेस्ट आहेत, त्यांच्या कामाला माणसं कायम कमी पडतात. स्टेजमागे रात्रभर वायरी ओढताना ओळखी होतात, "फ्रेंडशिप करू या" म्हणून होत नाहीत. बोलघेवडा नसलास तरी चालतं, कामाला हात लागला पाहिजे.

दिवाळीच्या सुट्टीत येऊन-जाऊन दोन-तीन दिवस प्रवासातच जातात, म्हणून एखाद्या वर्षी तिकडेच राहा. कुणीतरी मित्र घरी बोलावतोच. त्यांची मुख्य दिवाळी नरक चतुर्दशीला असते, पहाटे तेल लावून आंघोळ, नवे कपडे, फटाके, फराळ. उत्तरेची मुलं लक्ष्मीपूजनाची वाट बघत बसतात. आपल्याला मात्र पहिल्या आंघोळीचं काही समजावून सांगावं लागत नाही.

आई-बाबा सोडायला येणार असतील तर त्यांना एक दिवस जास्त काढायला सांग. कॉलेज तुवाकुडीला, तंजावूरच्या रस्त्यावरच आहे. तंजावूर तिथून तासाभराच्या आसपास. शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांच्या घराण्याचं राज्य तिथे 1855 पर्यंत होतं. बृहदीश्वराच्या देवळात सरफोजीराजांनी 1803 मध्ये कोरून घेतलेला भोसल्यांचा इतिहास भिंतीवर मराठीत आहे, आणि सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीतली कागदपत्रं आहेत. "पोरगं परमुलखात चाललं" म्हणून डोळे पुसणाऱ्या माझ्या आईचा सूर तो लेख वाचताना बदलला. नंतर ती नातेवाइकांना तंजावूरच सांगत बसली, कॉलेजचं नाव मागेच पडलं.

प्रवासाचं म्हणशील तर सोलापूरहून चेन्नईची गाडी धर. चेन्नई सेंट्रलला उतरलास तर तिरुचीची गाडी बहुधा एग्मोरहून असते. ती दोन वेगळी स्टेशनं आहेत, मध्ये वेळ ठेव. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. जानेवारीत पोंगलला अख्खा तमिळनाडू गावी निघतो, तेव्हा ते तिकीट उघडल्या दिवशी सकाळीच काढ.