दुपारी अडीचचा पंचा

प्रिय मावशी,
मी पुण्यात आयटीत आहे. आईबाबा गोव्यात डिचोलीजवळच्या गावात असतात. आईला तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. तिचं सगळं बाबाच करतात, त्यांचं वय ७६. मी घरात तीन कॅमेरे बसवलेत, आईच्या हातात जीपीएसचं घड्याळ आहे, बाबांच्या फोनवर गोळ्यांचे अलार्म लावलेत. रोज अडीचला, जेवणाच्या सुट्टीत, मी कॅमेऱ्याच्या स्पीकरवरून दोघांशी बोलतो. माझा आवाज ऐकला की आई खूश होते, लगेच उठून दारात जाऊन बघते. पण गेले दोन महिने बाबा बरोबर त्याच वेळी कॅमेऱ्यावर पंचा टाकतात. काही दिसत नाही, मग मी बोलतही नाही. विचारलं तर म्हणतात, ‘वाळत घातलाय.’ हात पोचणार नाही असा, छताला लावायचा कॅमेरा घेऊ का? की आता बाबांनाही डॉक्टरांना दाखवायला हवं?
— काळजीतला मुलगा

बाळा,
बाबांना डॉक्टर नको. त्या घरात सगळ्यांत शुद्धीवर तेच आहेत.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ‘दारात जाऊन बघते’ इथे अडकले. तू ते लिहिलंस आणि लगेच पंच्याकडे वळलास. अरे, आई दारात कशाला जाते? मुलगा आला म्हणून! आवाज आला म्हणजे माणूस आला, हे तिला जन्मापासून ठाऊक आहे. भिंतीवरच्या डबीतून मुलगा बोलतो, ही गोष्ट नवी, आणि या आजारात नवं काही मनात टिकत नाही. ती पायरीवर तुझ्या चपला बघते. नसतात. मग मागच्या दारी जाते, पोरसात डोकावते. तोवर तुझी सुट्टी संपलेली असते.

पुढचं तुला कॅमेऱ्यात दिसत नाही, कारण तू बघत नसतोस. मी सांगते. ‘बाबू खंय गेलो?’ बाबा सांगतात, पुण्याला आहे. पाच मिनिटांनी पुन्हा. मग, तो जेवला का? मग ताट काढलं जातं. बाबा ते उचलून ठेवतात, ती पुन्हा मांडते. दिवेलागणीला हे आजारी लोक तसेही बिथरतात. त्यात तू दुपारीच काडी टाकून ठेवलेली असतेस. तुझी तीन मिनिटं होतात, त्यांची रात्र जाते. बिचाऱ्या बाबांना स्पीकर कसा बंद करायचा ते येत नसेल, आणि ‘तू बोलू नकोस’ असं मुलाला सांगायला जीभ रेटत नसेल. पंचा टाकता येतो, तो टाकतात.

माझ्या सासूबाई टीव्हीवर बातम्या देणाऱ्या मुलीला चहा विचारायच्या. आम्ही हसायचो, हसण्यासारखंच होतं ते. पण ती मुलगी त्यांची कोणी नव्हती. तू आहेस.

छताचा कॅमेरा मुळीच घेऊ नकोस. आहे त्याचा स्पीकर आज, हे वाचून झाल्यावर, बंद कर. घड्याळ राहू दे, आई फाटकाबाहेर गेली तर त्याचा खरा उपयोग आहे. बोलायचं असेल तर व्हिडिओ कॉल कर, चेहरा दिसेल असा, बाबा शेजारी बसलेले असताना आणि बाबा सांगतील त्या वेळी. एखाद्या दिवशी नको म्हणाले तर नको.

जागतिक आरोग्य संघटनेचा आयसपोर्ट नावाचा कार्यक्रम आहे, डिमेन्शियाच्या, म्हणजे अल्झायमरसारख्या स्मृती जाण्याच्या आजाराच्या माणसाला घरी सांभाळणाऱ्यांसाठीच केलेला, २३ धड्यांचा. त्याची लिंक बाबांना पाठवशील तर खबरदार! तो तू वाचायचा. आईला काय होतं हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळलंय. त्यांना हवा तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटव. रात्री झोप लागली नाही, जीव घाबरा झाला, तर तिथे कुणाशी तरी बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

आणि एक ऐक. आपल्याच गोव्यातल्या दोन तालुक्यांत अशा ८१ कुटुंबांबरोबर एक अभ्यास झाला होता, २००८ साली तो प्रसिद्ध झाला. केलं काय? शिकवून तयार केलेली साधी माणसं सहा महिने त्यांच्या घरी जात राहिली. आजार समजावायचा, आजाऱ्याशी कसं वागायचं ते सांगायचं, सांभाळणाऱ्याचं ऐकून घ्यायचं. एवढ्यानं सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा भार हलका झाला. माणूस घरात आला होता, बाळा.

तेव्हा या शुक्रवारी रात्रीची बस धर. सकाळी म्हापशाला उतर आणि घर गाठ. अडीच वाजता तू दारात हवास. आई बघायला येईल, तिला तिथे बाबू सापडू दे. ताट वाढेल, दोनदा वाढेल, दोन्ही वेळा जेव. तोच प्रश्न चाळीस वेळा विचारेल, एकेचाळिसाव्या उत्तराला आवाज चढला की बाबांची आठवण काढ. रविवारी तू निघालास की ती पुन्हा शोधेल, म्हणून पुढच्या महिन्यातही ये, त्याच्या पुढच्याही.

त्या दोन दिवसांत बाबांना घराबाहेर काढ. देवळात जाऊ देत, तळ्यावर बसू देत, मित्राच्या सोप्यावर दुपारभर झोपू देत, विचारू नकोस कुठे चाललात ते. ऊन असेल. कॅमेऱ्यावरचा पंचा काढून त्यांच्या खांद्यावर दे.