वाचकांचे प्रश्न : वाचनालयाला भेट आलेली घागर

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयाने जुन्या घरगुती वस्तूंचे एक छोटे दालन करायचे ठरवले असून गावकऱ्यांनी घागरी, कळशा, झारी, धान्याची मापे अशा वस्तू आणून दिल्या आहेत. एका तांब्याच्या घागरीवर नावासह ‘शके १८४१’ असे कोरलेले आहे. ही भांडी चिंच लावून लख्ख करून मांडावीत का, आणि ती घागर त्याच सालची समजावी का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : भांडी घासू नयेत, अशी कळकळीची विनंती आहे. चिंचेचे आम्ल काळेपणाबरोबर धातूचाही पातळ थर काढून नेते आणि वारंवार घासल्याने कोरलेली अक्षरे बुजत जातात. शिवाय घागरीच्या आत विहिरीच्या पाण्यातील क्षारांचा पांढुरका थर असेल, गळ्याशी दोराच्या फासाने झीज झाली असेल किंवा बुडाला डाख देऊन ठिगळ लावलेले असेल, तर ती घागर कशी वापरली गेली हे सांगणारा पुरावा तोच आहे. मऊ, कोरड्या सुती कापडाने धूळ टिपावी, एवढे पुरे. मात्र फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी बुरशीवजा पूड दिसली, तर ते भांडे इतरांपासून वेगळे, कोरड्या जागी ठेवावे आणि जाणकार संवर्धकाचा सल्ला घ्यावा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धनाचा स्वतंत्र विभाग आहे.

आता सालाविषयी. गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ आणि त्यानंतर पुढच्या पाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात, म्हणून शके १८४१ म्हणजे इ. स. १९१९-२० होय. परंतु हे साल कोरण्याचे आहे, घडवण्याचे असेलच असे नाही. लग्नातल्या आहेराच्या भांड्यांवर नाव घालण्याची रीत होती. पंगतीसाठी घरोघरची भांडी एकत्र येत, तेव्हा आपले भांडे ओळखता यावे म्हणूनही नाव घातले जाई, आणि ते जुन्या भांड्यावरही घालता येत असे. त्यामुळे कोरणे अस्सल असेल, तर ‘घागर १९१९-२० किंवा त्याआधीची’ एवढेच निश्चित म्हणता येते. अंगावरच्या मठारकामाच्या, म्हणजे हातोडीने ठोके देऊन केलेल्या कामाच्या, खुणांवरूनही वय ठरवू नये, कारण पुण्याच्या तांबट आळीत हे काम आजही हाताने होते.

माझ्या मते तुमच्या दालनाचे खरे मोल नोंदवहीत असेल. कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजेच दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास अडकित्ते, दिवे, भांडी अशा वस्तू जमवायला सुरुवात केली आणि १९६२ मध्ये आपला संग्रह राज्य शासनाकडे सोपवला. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय ते हेच. घरातल्या साध्या वस्तूला दालनात मानाची जागा देता येते, हे त्यांनी दाखवून दिले. गावच्या संग्रहाला मात्र त्याहून एक मोठी सोय आहे : वस्तू देणारे अजून समोर आहेत. घागर कोणाच्या घरची, पाणी कोणत्या विहिरीचे, ते कोण आणत असे, कल्हई कोण करून देई, हे आजच विचारून देणाऱ्याच्या शब्दांत लिहून घ्यावे. वस्तू भेट दिली की काही काळासाठी ठेवायला दिली, याचीही त्याच्या सहीने नोंद करावी. नोंदक्रमांकाची चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधावी, चिकटपट्टी लावू नये.

मापांकडे विशेष लक्ष द्यावे. १९५६ च्या कायद्यानंतर दशमान मापे टप्प्याटप्प्याने रूढ झाली. त्याआधी शेर आणि पायली ही नावे सर्वत्र ऐकू येत असली, तरी प्रत्यक्ष माप भागाभागांनुसार बदलत असे. म्हणून केवळ ‘पायली’ अशी पाटी न लावता ते माप कोरड्या ज्वारीने काठोकाठ भरून त्यात किती लिटर मावते ते पाहावे, आणि माप सपाट भरत की शीग लावून (काठाच्या वर रास करून), हे वडीलधाऱ्यांना विचारून दोन्ही गोष्टी नोंदवाव्यात.