स्कायलॅब पडतीय व्हय?

प्रिय सई,

तुझा मेसेज मिळाला. "बाबा, मी भराभर जेवायला लागले की आजी म्हणते, 'दमानं खा, स्कायलॅब पडतीय व्हय?' म्हणजे काय? आणि तिच्या ट्रंकेच्या तळाला घातलेल्या पिवळ्या पेपरातसुद्धा स्कायलॅबच का आहे?" दोन्हींचं उत्तर एकच आहे, पण मेसेजमध्ये मावायचं नाही, म्हणून हे पत्र.

स्कायलॅब ही अमेरिकेची अंतराळातली प्रयोगशाळा. 1973 साली वर सोडली, अंतराळवीरांच्या तीन तुकड्या तिथं राहून आल्या आणि 1974 पासून ती रिकामीच घिरट्या घालत होती. पुढं सूर्याची खळबळ अंदाजापेक्षा वाढली, त्यानं वरचं विरळ वातावरण फुगलं, तिला अडवू लागलं आणि ती खाली खाली यायला लागली. वजन सुमारे 77 टन. कुठं पडेल ते नासालाही नेमकं सांगता येईना. कुणा ना कुणा माणसाला तुकडा लागण्याची शक्यता त्यांनी 152 मध्ये 1 अशी काढली होती.

आमच्या गावात तेव्हा पेपर एकच यायचा, कराडहून दहाच्या एसटीनं. पारावर एकजण मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकायचे. वाचणारा मध्येच पदरचं घालायचा, आणि छापलेलं कुठं संपलं ते कुणाला कळायचं नाही. "152 मध्ये 1" हे पारावरून निघालं आणि ओढ्यापर्यंत पोचेस्तोवर "दीडशे घरांमागं एक घर" झालं. गाव तीनशे उंबऱ्यांचं. म्हणजे दोन घरं नक्की! कुठली दोन, यावर आठवडाभर खल चालला आणि त्यात बांधाची जुनी भांडणंसुद्धा उकरून निघाली. 77 टन म्हणजे किती, तर कुणीतरी हिशेब केला: तीस बैलगाड्या ऊस, एकदम, आभाळातून. एवढं ऐकल्यावर म्हाताऱ्यांनी परड्यात झोपायचं बंद केलं.

शाळेत गुरुजी म्हणाले, आवाज आला की बाकाखाली शिरा. आम्ही बसकरांवर बसायचो. बाकं नव्हतीच.

आमच्या आजोबांना मात्र घाम फुटला नाही, आणि त्याला कारण होतं. 1962 च्या फेब्रुवारीत अष्टग्रही आली होती, आठ ग्रह एका राशीत, म्हणून जग बुडणार असं ठरलं होतं. ठिकठिकाणी यज्ञ झाले. आजोबांनी जग बुडायच्या आत म्हणून चांगला खिलार बैल मातीमोलानं विकला. जग काही बुडालं नाही. त्याच महिन्यात निवडणूक झाली, आणि विकलेला बैल प्रचाराच्या गाडीला जुंपलेला त्यांना बघावा लागला. त्यामुळे 1979 ला ते म्हणाले, "मागं बैल गेला. आता कोंबडीबी हलायची न्हाई."

पण शेजारच्या तात्यांचं गणित वेगळं होतं. आपण मेल्यावर आपल्या कोंबड्या दुसऱ्यानं का खाव्यात? बुधवारी, 11 जुलैला, त्यांनी सगळं खुराडं रिकामं केलं. आषाढी होऊन आठवडाही झाला नव्हता आणि गटारीला जवळजवळ दोन आठवडे होते, पण त्या दिवशी गावभर रश्शाचा वास सुटला होता. दोन कोंबड्या तात्यांनी आमच्याकडं पाठवल्या.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कोंबड्या रांधल्या तुझ्या आजीनं, तेव्हा घरातली धाकटी सून. आधी पुरुष आणि पोरं जेवणार, बायका शेवटी. स्कायलॅब पडायच्या आत ताट संपवायचं म्हणून त्या रात्री आम्ही सगळे असे तुटून पडलो की आजी जेवायला बसली तेव्हा पातेल्यात नुसता रस्सा आणि एक मान उरली होती. ती मान तिच्या मनातून अजून गेलेली नाही. तू भराभर जेवायला लागलीस की तिला तो बुधवार आठवतो.

रात्री दहा वाजून गेल्यावर स्कायलॅब हिंदी महासागरावर फुटली. आम्ही तेव्हा घोरत होतो. सकाळी सात-पाचला आकाशवाणी पुण्याच्या बातम्यांत कळलं की आपण वाचलो. आठ वाजता किराणावाला चोपडी घेऊन तात्यांच्या दारात उभा. 'बुधवारनंतर देतो' म्हणून तात्यांनी आठवडाभर गूळ, तेल, खोबरं उचललं होतं. सगळ्या गावात स्कायलॅब पडली नाही याचं दुःख झालेले तात्या एकटेच.

लगेच 15 तारखेला मोरारजी देसाईंनी राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी पारावर कुणीतरी "पडलं, पडलं!" असं ओरडलं आणि बायका पोरांना घरात ओढायला धावल्या. पडलं होतं ते सरकार.

मी मात्र अजून कधीकधी कल्पना करतो, तात्यांच्या उसात एखादा तुकडा खरंच पडला असता तर? आधी तलाठी येणार, पंचनामा करणार: "एक नग लोखंडी वस्तू, जळकी, मालक परगावी." मग सातबाऱ्यावर इतर हक्कात नासाचं नाव. भंगारवाला किलोवर भाव सांगणार, भाऊबंद अर्धा वाटा मागणार, आणि ग्रामपंचायत वस्तू विनापरवाना ठेवल्याबद्दल घरपट्टी लावणार.

हसू नकोस. इथं ऑस्ट्रेलियात खरंच तसं झालं. तुकडे पडले ते आपल्या पर्थपासून सातशे किलोमीटरवरच्या एस्परन्सच्या आसपास, आणि तिथल्या नगरपालिकेनं कचरा टाकल्याबद्दल नासाला 400 डॉलर दंड ठोठावला. तिथल्या एका सतरा वर्षांच्या मुलाला घराच्या आवारात तुकडे सापडले. ते घेऊन तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि तिथल्या एका पेपरनं लावलेलं 10,000 डॉलरचं बक्षीस घेऊन आला. तात्यांना हे कळलं असतं तर त्यांनी कोंबड्या कापण्याऐवजी छपरावर जाळं लावलं असतं.

तुकडे एस्परन्सच्या संग्रहालयात आहेत. तू परत आलीस की जाऊ. ट्रंकेतला पेपर तेवढा टाकू देऊ नकोस, डांबराच्या गोळ्यांसकट घेऊन ये.

काल फोनवर आजीला हे सगळं सांगितलं, की ती शेवटी इथं पडली, मी राहतो त्याच मुलखात. आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आमी हितं वाचलो, आन तू मुद्दाम तिच्याखाली जाऊन राह्यलास व्हय?"

तुझा,
बाबा